‘चेक’चे अर्थ ओळखायचे कसे: गोव्यात पाहुण्यांशी इंग्रजीत बोलणाऱ्या नवख्यांसाठी

कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलात, पणजीच्या रेस्टॉरंटात किंवा मोपा विमानतळावर नव्याने कामाला लागलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलामुलींना इंग्रजीतले जड शब्द फारसे नडत नाहीत. जड शब्द कानावर आला की माणूस सावध होतो, पुन्हा विचारतो. नडतात ते मराठीत रुळलेले सोपे शब्द, कारण ते कळले असे आपण धरून चालतो. ‘चेक’ हा त्यातला सगळ्यात त्रास देणारा शब्द आहे.

मराठीत ‘चेक कर’ म्हटले की बहुतेक वेळा एकच अर्थ होतो, तपासून बघ. त्याखेरीज बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट आणि चेकनाका, एवढ्यावर आपला चेक संपतो. समोरचा पाहुणा मात्र हाच शब्द बिल मागायला, बॅग ठेवायला, खोली सोडायला, किल्ला बघायला जायला, निमंत्रण टाळायला आणि कधी स्वतःचा देश सांगायलाही वापरतो. हे सगळे अर्थ पाठ करायची गरज नाही. कशावरून ओळखायचे ते कळले की पुरते.

आधी मूळ समजून घ्या

इंग्रजी ‘चेक’ आणि आपल्या बुद्धिबळातला ‘शह’ हे एकाच घरातले शब्द आहेत. फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. राजावर हल्ला झाला की ‘शाह!’ म्हणून सावध करायचे. तो शब्द आपल्याकडे ‘शह’ होऊन आला, आणि अरबी, लॅटिन, जुनी फ्रेंच अशा वाटेने इंग्रजीत ‘चेक’ होऊन गेला. आपली ‘शहमात’ आणि त्यांची ‘चेकमेट’ एकच. २०२५ साली बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यातच झाला, तेव्हा पटाशेजारी हा शब्द मूळ अर्थाने ऐकायची संधी इथल्या लोकांना होती.

शह बसला की राजाची चाल अडते. त्यातून पहिली शाखा फुटली ती ‘रोखणे, आवर घालणे’ ही. रोखून धरलेली गोष्ट नीट बघितली जाते, म्हणून दुसरी शाखा ‘ताडून पाहणे, तपासणे’. तपासले याची निशाणी म्हणून केलेली खूण किंवा दिलेला बिल्ला, पावती, ही तिसरी. हिशेबाचा कागद, म्हणजे रेस्टॉरंटचे बिल आणि बँकेचा चेक, याच तिसऱ्या शाखेवर येतात.

चौथी शाखा बुद्धिबळाच्या पटावरून आली. काळ्या-पांढऱ्या घरांसारखी नक्षी ती ‘चेक’, आपल्या भाषेत चौकडी. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजताना मेजावर चौकड्यांचे कापड अंथरत आणि त्या घरांत मोजणीच्या चकत्या सरकवत. त्या कचेरीचे नावच ‘एक्सचेकर’ पडले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतो. बँकेच्या चेकचे ब्रिटिश स्पेलिंग शेवटी क्यू-यू-ई लावून होते, तेही याच एक्सचेकरच्या वळणाने. अमेरिकेत दोन्हींसाठी साधे ‘सी-के’चे स्पेलिंग राहिले. भारतात बँकेच्या कागदासाठी ब्रिटिश स्पेलिंगच लिहायचे.

रोखणे, तपासणे, खूण किंवा कागद, आणि चौकडी या चार शाखा डोक्यात ठेवा. पुढचा जवळजवळ प्रत्येक वापर यातल्या एकीवर बसतो.

पहिली पायरी: ‘चेक’च्या मागचा छोटा शब्द पकडा

‘चेक’ ऐकल्यावर त्यावर थांबू नका. कान त्याच्या मागून येणाऱ्या इन, आउट, ऑन, विथ, फॉर, ऑफ यांकडे ठेवा. निम्म्याहून जास्त गैरसमज इथेच मिटतात. मराठीत हे काम क्रियापद बदलून होते. आपण विचारपूस करतो, खातरजमा करतो, हवाल घेतो, नोंद करतो. इंग्रजीत क्रियापद तेच राहते आणि शेपूट बदलते, म्हणून आपला कान फसतो.

‘चेक विथ’ म्हणजे कोणाला तरी विचारणे. ‘प्लीज चेक विथ द किचन’ म्हणजे किचनला विचारून या. किचन तपासायला कोणी सांगितलेले नाही.

‘चेक ऑन’ म्हणजे हवाल घेणे, ठीक आहे ना ते बघून येणे. ‘कुड यू चेक ऑन माय मदर?’ म्हणजे आई खोलीत एकटी आहे, जरा डोकावून या. ‘चेक अप ऑन’ म्हटले की त्यात शंका येते, काम खरेच होते आहे का यावर नजर ठेवणे. मॅनेजर म्हणाला की ‘आय विल चेक अप ऑन दॅट,’ तर तो खातरजमा करणार आहे. दवाखान्यातले ‘चेक-अप’ वेगळे, ते नाम आहे आणि मराठीतही तसेच रूढ आहे.

‘चेक फॉर’ म्हणजे अमुक आहे का ते शोधणे. ‘डिड यू चेक फॉर नट्स?’ असे पाहुण्याने रेस्टॉरंटात विचारले तर तो पदार्थात शेंगदाणे, काजू आहेत का हे विचारतो आहे. बहुधा त्याला ॲलर्जी आहे. गोव्यात काजू कुठल्याही ग्रेव्हीत असू शकतो, म्हणून इथे अंदाजाने ‘नो’ म्हणू नका. आचाऱ्याला विचारा, मगच सांगा.

‘चेक ओव्हर’ म्हणजे वरपासून खालपर्यंत पाहणे, ‘चेक ऑफ’ म्हणजे यादीतले काम झाले की त्यावर खूण करणे. ‘चेक थ्रू’ सामानाशी जोडून येते. ‘माय बॅग इज चेक्ड थ्रू टू लंडन’ म्हणजे मुंबई-दिल्लीत विमान बदलले तरी बॅग थेट लंडनला निघणार.

आता मुख्य जोडी, इन आणि आउट.

‘चेक इन’ हॉटेलात खोली घेणे आणि विमानतळावर बोर्डिंग पास घेऊन सामान देणे, हे दोन्ही तुम्हाला ठाऊक असतीलच. तिसरा अर्थ माहीत नसतो. ‘आय विल चेक इन विथ यू टुमॉरो’ म्हणजे उद्या तुमच्याशी बोलतो, काय झाले ते कळवतो किंवा विचारतो. हे वाक्य ऐकून उद्याचे बुकिंग नोंदवू नका. वाक्यात ‘विथ’ आणि माणूस असेल तर ते संपर्काबद्दल आहे. ‘ॲट’ किंवा ‘इंटू’ आणि हॉटेल असेल तर ते खोलीबद्दल आहे. ‘चेक इन ऑन’ म्हणजे पुन्हा हवाल घेणे.

‘चेक आउट’ सर्वांत धोक्याचे. त्याचे किमान चार वापर रोज कानावर पडतात.

एक, हॉटेल सोडणे: ‘वी आर चेकिंग आउट टुडे.’
दोन, जाऊन बघणे, पाहून येणे: ‘वी वॉन्ट टू चेक आउट फोर्ट आग्वाद.’ इथे पाहुण्याला आग्वादचा किल्ला बघायचा आहे, खोली सोडायची नाही.
तीन, जुळणे, खरे निघणे: ‘हिज स्टोरी चेक्स आउट’, ‘द बिल चेक्स आउट’. म्हणजे त्याचे म्हणणे खरे निघाले, बिलाचा हिशेब बरोबर आला.
चार, दुकानात पैसे चुकते करणे, आणि ग्रंथालयात पुस्तक घरी नेण्यासाठी नोंदवणे. ऑनलाइन खरेदीतले ‘चेकआउट’चे बटणही यातलेच.

पहिल्या दोनांत घोळ झाला की परिणाम खरा होतो. रिसेप्शनच्या सिस्टिममध्ये चेक-आउट नोंदले की खोली रिकामी दिसते, साफसफाईच्या यादीत जाते, आणि किल्लीचे कार्ड बंद पडू शकते. पाहुणा आग्वाद बघून उन्हातून परततो तेव्हा दार उघडत नाही आणि सामान लॉकर रूममध्ये हलवलेले असते. म्हणून ‘चेक आउट’ ऐकल्यावर लगेच बघा की त्याच्यापुढे एखाद्या ठिकाणाचे किंवा वस्तूचे नाव आहे का. किल्ला, बीच, मार्केट, बँड, मेनू असे काही आले तर अर्थ ‘बघणे’. पुढे काहीच नाही, किंवा ‘टुडे’, ‘ॲट इलेव्हन’, ‘लेट’ असा वेळ आहे, तर अर्थ ‘खोली सोडणे’.

दुसरी पायरी: कोण बोलते आहे ते बघा

गोव्यात ब्रिटिश पाहुणे पूर्वीपासून येतात, आणि आपले शाळेतले इंग्रजीही ब्रिटिश वळणाचे. अमेरिकन पाहुणा आला की ‘चेक’ची चाल बदलते. तीन ठिकाणी विशेष.

रेस्टॉरंटात अमेरिकन माणूस ‘चेक, प्लीज’ म्हणतो. त्याला बिल हवे आहे. नवखा वेटर ‘व्हॉट शुड आय चेक, सर?’ असे विचारतो किंवा ऑर्डरच तपासायला आत जातो. ‘सेपरेट चेक्स’ म्हणजे प्रत्येकाचे बिल वेगळे. हे ऑर्डर घ्यायच्या आधी सांगितले असेल तर तेव्हाच कोण काय घेतो ते आसनवार लिहून ठेवा. जेवणानंतर आठवून बिल फोडायला बसलात तर वेळही जातो आणि भांडणही होते. याउलट अमेरिकन तोंडचा ‘बिल’ म्हणजे कधी कधी नोट असते. ‘कॅन यू ब्रेक अ हंड्रेड-डॉलर बिल?’ म्हणजे शंभर डॉलरची नोट सुटी करून मिळेल का.

दुसरे, सामान. ‘कॅन आय चेक माय बॅग?’ याचा अर्थ ‘बॅग इथे ठेवून जाऊ का?’ असा असतो. ‘कोट चेक’, ‘बॅग चेक’ म्हणजे सामान ठेवायची खिडकी, जिथे बदल्यात नंबराचा बिल्ला मिळतो. खूण-पावतीची ती तिसरी शाखाच. असे विचारणाऱ्या पाहुण्याची बॅग उघडून बघू लागलात तर तो दुखावला जाईल. मात्र सुरक्षारक्षक म्हणाला की ‘आय हॅव टू चेक युअर बॅग,’ तर ती सरळ तपासणी. कोणाची बॅग, कोण म्हणतो, यावर अर्थ ठरतो. मालकच म्हणत असेल तर बहुधा ठेवायची आहे, दुसरा म्हणत असेल तर तपासायची आहे.

तिसरे, फॉर्म. आपण ‘टिक करा’ म्हणतो, अमेरिकन फॉर्मवर ‘चेक ऑल दॅट अप्लाय’ असते. जे लागू असेल त्या चौकोनांत खूण करा, एवढेच. पुष्कळ अमेरिकन लोक चौकोनात फुलीही मारतात, आणि ती फुली ‘होय’ असते. शाळेत फुली म्हणजे चूक असे शिकल्यामुळे आपण ती ‘नाही’ समजतो. ॲलर्जीच्या किंवा ऐच्छिक सेवांच्या फॉर्मवर फुल्या दिसल्या की पाहुण्याला एकदा विचारून घ्या.

आणखी एक. पासपोर्ट पुढे करून कोणी ‘आय ॲम चेक’ म्हणाला तर तो चेक प्रजासत्ताकाचा नागरिक आहे. स्पेलिंग वेगळे, सी-झेडने सुरू होणारे, पण उच्चार तंतोतंत तोच. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले, त्यातला हा एक, राजधानी प्राग. आपल्याकडे घरोघरी पोचलेली बाटा कंपनीही मूळची तिथलीच, १८९४ साली झ्लिन गावात सुरू झालेली. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते, तिथे देशाचे नाव ऐकून लिहू नका, पासपोर्टवरून लिहा.

तिसरी पायरी: जागेवरून अर्थ ठरवा

रेस्टॉरंटच्या बिलिंग मशीनवर ‘ओपन चेक’ म्हणजे टेबलाचे बिल अजून चुकते झालेले नाही, ‘क्लोज चेक’ म्हणजे पैसे घेऊन बंद करणे, ‘व्हॉइड चेक’ म्हणजे रद्द करणे. शिफ्ट संपवताना कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, ‘एनी ओपन चेक्स?’ विचारतो तेव्हा त्याला टेबलांची यादी हवी असते. तिथे ‘येस सर, चेक्ड’ हे उत्तर चालत नाही.

विमानतळावर ‘चेक्ड बॅगेज’ म्हणजे विमानाच्या पोटात जाणारे सामान, ‘कॅबिन’ किंवा ‘कॅरी-ऑन’ म्हणजे हातातले. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर बहुतेक कंपन्या साधारण १५ किलो चेक्ड आणि ७ किलो हातातले सामान देतात, तिकिटावरचा आकडा मात्र बघून घ्यावा. गोव्यातल्या दारूच्या दुकानात हा प्रश्न हमखास येतो: ‘कॅन आय कॅरी धिस ऑर डू आय हॅव टू चेक इट?’ पाहुणा फेणीची बाटली हातात धरून विचारत असेल तर ती तपासून दाखवू नका. हातात नेऊ की सामानात देऊ, एवढेच त्याला हवे आहे. आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठे द्रवाचे पॅक चालत नाही, म्हणजे ७५० मिलिलिटरची फेणी चेक्ड सामानातच जाणार. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली सीलबंद दारू दर प्रवाशी ५ लिटरपर्यंत चेक्ड सामानात नेता येते. काजू फेणी साधारण ४२ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून ती या मर्यादेत बसते. दारू राज्याबाहेर नेण्याचा अबकारी नियम वेगळा आहे, तो दुकानदाराने त्याच वेळी समजावून सांगावा.

गोव्यात विमानतळ दोन आहेत, दाबोळी आणि मोपा. मोपाहून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. ‘व्हेअर डू आय चेक इन?’ असे हॉटेलातून निघताना पाहुणा विचारतो तेव्हा त्याला विमानतळाचेच नाव हवे असू शकते. तिकिटावर ‘जीओआय’ असेल तर दाबोळी, ‘जीओएक्स’ असेल तर मोपा. एक दक्षिणेला वास्कोजवळ, दुसरा उत्तरेला पेडण्यात, म्हणून इथली चूक विमान चुकवते.

केबिन क्रूच्या तयारीत असाल तर ‘क्रॉस-चेक’ हा शब्द रोजचा. एका कर्मचाऱ्याने दाराची स्थिती बदलली की दुसऱ्याने ती स्वतः बघून खात्री करायची. एकानेच दोनदा बघितले तर तो क्रॉस-चेक होत नाही.

मांडवीतल्या कॅसिनोत कामाला लागलेल्यांना आणखी दोन अर्थ शिकावे लागतात. पोकरमध्ये ‘चेक’ म्हणजे पैसे न लावता डावात राहून पाळी पुढे देणे. खेळाडू तोंडाने न बोलता मेजावर बोटांनी टकटक करतो, तोही चेकच. आधी कोणी पैसे लावले असतील तर चेक करता येत नाही, तेव्हा बरोबरीने लावणे, वाढवणे किंवा पत्ते टाकणे हेच उरते. दुसरा अर्थ असा की ज्या चकत्यांवर रकमेचा आकडा असतो त्यांना डीलर मंडळी ‘चेक्स’ म्हणतात, आणि रूलेटच्या आकडा नसलेल्या रंगीत चकत्या त्या ‘चिप्स’. मोठ्या रकमेचा डाव लागला की डीलर ‘चेक्स प्ले’ अशी हाक देतो, ती देखरेख करणाऱ्या वरिष्ठाला कळावे म्हणून असते. हे ऐकून मोजणी थांबवायची नसते.

कपड्यांच्या दुकानात ‘चेक्ड’ म्हणजे चौकड्यांचे. गोव्याची कुणबी साडी लाल चौकड्यांची, म्हणून पर्यटक ‘दॅट रेड चेक्ड सारी’ म्हणून ती दाखवतात. एकच ‘चेक्ड’ साडीला लागले की चौकडी, बॅगेला लागले की विमानात दिलेले सामान, आणि बिलाला लागले की तपासलेले. तो कोणत्या नामाला लागला आहे ते बघितल्याशिवाय हा शब्द सोडवताच येत नाही.

बँकेतला चेक तुम्हाला हिशेबाच्या कामात भेटेल. तो लिहिताना तारीख, नाव, अक्षरी आणि अंकी रक्कम यांत खाडाखोड करू नका. आताच्या क्लिअरिंगमध्ये चेकचे फक्त चित्र पुढे जाते आणि रकमेत किंवा नावात बदल केलेला चेक परत येतो. अक्षरी रकमेनंतर ‘ओन्ली’ लिहा, डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेषा मारून ‘अकाउंट पेयी’ लिहा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने तो चालतो. खाली छापलेल्या आकड्यांत पहिले सहा चेकचा नंबर, त्यानंतरचे नऊ शहर, बँक आणि शाखा यांचे, प्रत्येकी तीन. ‘द चेक बाउन्स्ड’ म्हणजे चेक न वटता परत आला. पुरेसे पैसे नसल्याने तो परत आला तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३८ लागू शकते. बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि पैसे भरायला समोरच्याला १५ दिवस मिळतात. अमेरिकन पाहुण्याच्या ईमेलमधला ‘आय विल मेल यू अ चेक’ हा बँकेचा चेक असू शकतो. तिथे जागेवरून कळत नाही, मागचे-पुढचे वाचावे लागते.

‘रोखणे’ ही शाखा बोलण्यात कमी आणि लेखी सूचनांत जास्त भेटते. ‘इफ द लीक इज लेफ्ट अनचेक्ड’ म्हणजे गळती वेळीच थांबवली नाही तर. ‘तपासली नाही तर’ असे भाषांतर करून मेंटेनन्सला नुसते बघून यायला सांगितले की काम अर्धवट राहते. ‘कीप कॉस्ट्स इन चेक’ म्हणजे खर्च आटोक्यात ठेवा. पत्रादेवी, मोले, पोळे इथल्या चेकनाक्यांत रोखणे आणि तपासणे दोन्ही एकत्र आले आहेत, म्हणून तो शब्द आपल्याला कधी अडला नाही.

पावसाळ्यात एक वाक्प्रचार चांगलाच फसवतो. तुम्ही संध्याकाळच्या बोटीबद्दल विचारता आणि पाहुणी म्हणते, ‘आय विल टेक अ रेन चेक.’ तिला पावसाचा अंदाज नको आहे. आज नको, पुन्हा कधीतरी, असा तो सभ्य नकार आहे. अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसाने रद्द झाला की पुढच्या सामन्याला चालेल अशी तिकिटाची पावती देत, तिचे हे नाव. ‘पुन्हा कधीतरी’ म्हटले म्हणून लगेच उद्याची तारीख लिहू नका. हसून ‘शुअर, जस्ट लेट मी नो’ म्हणा आणि सोडून द्या.

चौथी पायरी: विचारून पक्के करा, पण ‘चेक’ न वापरता

तिन्ही पायऱ्यांनंतरही शंका राहिली तर विचारा. नियम एकच, तुमच्या प्रश्नात ‘चेक’ शब्द येता कामा नये. ‘यू वॉन्ट टू चेक आउट?’ असे विचारलेत तर पाहुणा ‘येस’ म्हणेल आणि दोघांच्या मनात वेगवेगळा अर्थ राहील. दुसरा शब्द घातला की अर्थ उघडा पडतो.

खोलीबद्दल: ‘आर यू लीव्हिंग द हॉटेल टुडे, ऑर गोइंग आउट फॉर द डे?’
बिलाबद्दल: ‘शॅल आय ब्रिंग द बिल?’
बॅगेबद्दल: ‘वुड यू लाइक टू लीव्ह इट विथ अस?’
हवाल घेण्याबद्दल: ‘शॅल आय गो अँड सी इफ शी इज ऑल राइट?’

उलट बाजूने तुम्ही बोलतानाही सांभाळा. ‘आय विल चेक यू’ हे वाक्य नेहमी ऐकू येते. त्यातून ‘मी तुमची झडती घेईन’ असा काहीसा ध्वनी निघतो. तुम्हाला म्हणायचे असते ‘विचारून सांगते’. तेव्हा ‘आय विल फाइंड आउट अँड लेट यू नो’ म्हणा. ‘प्लीज चेक वन्स’ हे भारतात चालते, परदेशी पाहुण्याला ‘प्लीज हॅव अ लुक’ जास्त सहज वाटते. ‘चेकिंग इज गोइंग ऑन’ऐवजी काय चालले आहे ते सांगा: ‘दे आर इन्स्पेक्टिंग द रूम.’

पाचवी पायरी: जोर आणि लेखन

‘चेक इन’ क्रियापद असेल तर दोन वेगळे शब्द लिहायचे आणि बोलताना जोर ‘इन’वर द्यायचा. नाम असेल, जसे ‘चेक-इन टाइम’, तर मध्ये जोडरेघ आणि जोर ‘चेक’वर. ‘चेक आउट’चेही तसेच, फक्त नाम म्हणून ते जोडूनही लिहितात. पाहुण्याला ईमेल पाठवताना ‘प्लीज चेक-इन बाय टू’ अशी जोडरेघ क्रियापदात घालणे ही नवख्यांची ठरलेली चूक. आणि ‘चेकिंग इन’च्या जागी बँकेच्या चेकचे क्यू-यू-ईवाले स्पेलिंग कधीच येत नाही. ते स्पेलिंग फक्त कागदाच्या चेकसाठी आणि कॅसिनोच्या चकत्यांसाठी राखीव आहे.

सराव

एक लहान वही खिशात ठेवा. कामावर ‘चेक’ ऐकला की तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य देवनागरीत लिहा. शेजारी कोण बोलले, कुठे बोलले आणि मराठीत कोणते क्रियापद बसते ते लिहा. नुसता शब्द आणि अर्थ लिहिलात तर आठवड्याने कोणता अर्थ कुठला ते कळत नाही. शब्दकोशात बघताना पहिल्याच अर्थावर थांबू नका, उदाहरणाची वाक्ये वाचत खाली जा आणि आपल्या वाक्याशी जुळणारे सापडेपर्यंत जा. ‘चेक इन’, ‘चेक आउट’, ‘चेक ऑन’ बहुतेक कोशांत शेवटी स्वतंत्र दिलेले असतात.

सुरुवातीला ही वाक्ये सोडवा. उत्तर वाचण्याआधी मराठी क्रियापद मोठ्याने म्हणा.

‘कुड यू चेक इफ द शॅक इज ओपन?’ शॅक उघडे आहे का ते बघून सांगा.
‘यू शुड चेक आउट द मार्केट इन म्हापसा.’ म्हापशाचा बाजार बघून या.
‘लेट मी चेक विथ माय हजबंड.’ नवऱ्याला विचारून सांगते.
‘वी नीड अ लेट चेक-आउट.’ खोली उशिरा सोडायची आहे. किती वाजता ते विचारा आणि जादा पैसे लागत असतील तर त्याच वेळी सांगा.
‘पासपोर्ट? चेक. तिकिट्स? चेक.’ यादी म्हणत प्रत्येकाला ‘आहे’ म्हणतो आहे. तुम्ही काही करायचे नाही.
‘द नंबर्स डोन्ट चेक आउट.’ आकडे जुळत नाहीत. बिलाच्या टेबलावर हे ऐकले तर आधी बिल परत मोजा, मग उत्तर द्या.
‘आय वुड लाइक टू चेक धिस अनटिल फाइव्ह.’ हातात सूटकेस आहे, अकरा वाजता खोली सोडली आहे आणि विमान रात्रीचे आहे. पाच वाजेपर्यंत सामान ठेवायचे आहे. बिल्ल्याचे दोन भाग करा, एक बॅगेला बांधा, दुसरा पाहुण्याच्या हातात द्या, आणि वहीत खोलीचा जुना नंबर व नगांची संख्या लिहून सही घ्या.